‘पाच वर्षांत बॅटरी गेली की गाडी भंगार’: त्या मेसेजला उत्तर

इलेक्ट्रिक गाडीचा, म्हणजे ईव्हीचा, विषय निघाला की एक लांबलचक मेसेज हमखास पुढे येतो. सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, ऑफिसात. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर असा: बॅटरी मोबाइलसारखी पाच वर्षांत मरते आणि नवी घ्यायला गाडीची निम्मी किंमत लागते. त्यामुळे विकत घेणारा मूर्ख, घ्यायचीच तर बॅटरी भाड्याने किंवा अख्खी गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेकरारावर, घ्या. वीज कोळशाचीच, मग प्रदूषण कमी कुठे झालं? पुण्याहून मुंबईला जाऊन एका चार्जमध्ये परत येता येत नाही. गाड्या पेट घेतात. आणि सोसायटी चार्जर लावू देत नाही. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

यातलं सगळंच खोटं नाही. पण जे खरं आहे ते भलत्याच ठिकाणी चिकटवलंय.

सुरुवात बॅटरीपासून, कारण मेसेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. मोबाइल आपण रोज शून्याजवळ नेतो, रोज शंभरावर चढवतो, वर उशीखाली तापवतो. गाडीचं तसं नाही. रोज ४० किमी धावणारी आणि प्रत्यक्षात एका चार्जमध्ये २०० किमी रेंज देणारी गाडी पाच दिवसांत मिळून चार्जिंगचं एक पूर्ण चक्र वापरते. अशी १००० चक्रं झाली तर २ लाख किमी होतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटऱ्या असतात, त्या याहून जास्त चक्रं झेलतात. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तीच मुळी बॅटरीवर ८ वर्षं किंवा १.६ लाख किमीची हमी घेऊन. म्हणजे त्या पहिल्या गाड्यांना पाच वर्षं झाली, तेव्हा हमीची तीन वर्षं शिल्लक होती.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हे मात्र मान्य करावं लागेल. २०१० च्या अखेरीस आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला द्रवाने थंड ठेवायची सोयच नव्हती. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात त्या गाड्यांची रेंज भराभर घसरली आणि २०१२ पर्यंत तिथले मालक तक्रारी करू लागले. तेव्हापासून ‘ईव्हीची बॅटरी टिकत नाही’ हे वाक्य जगभर फिरतंय. नागपूर-चंद्रपुरात पंचेचाळीस अंशांत गाडी उभी करणाऱ्याने शोरूममध्ये टचस्क्रीनच्या आधी हाच प्रश्न विचारावा, की बॅटरीला लिक्विड कूलिंग आहे का? नसेल तर दुसरी गाडी बघावी.

बॅटरी ‘जाते’ म्हणजे एके सकाळी गाडी बंद पडते असंही नाही. क्षमता हळूहळू उतरते. २५० किमी देणारी गाडी काही वर्षांनी २०० किमी देते, आणि ठाण्याहून अंधेरीला रोज जा-ये करणाऱ्याला तो फरक जाणवतही नाही. शिवाय बॅटरी म्हणजे एकच अखंड ठोकळा नसतो, ती मॉड्यूल, म्हणजे छोटे सुटे भाग, जोडून बनते. बिघाड एका मॉड्यूलमध्ये असेल तर अनेकदा तेवढंच बदलता येतं.

आता तो सल्ला, ‘म्हणून बॅटरी भाड्याने घ्या’. इथे मला थोडं थांबायचंय, कारण मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा भाग हाच आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी आली तेव्हा बॅटरीसकट किंमत साधारण १३.५० लाख होती आणि बॅटरी वगळून १० लाख. बॅटरीचं भाडं किमीमागे ३.५० रुपये. फरक साडेतीन लाखांचा, म्हणजे बरोबर १ लाख किमी चालवली की बॅटरीचे पैसे भाड्यातून फिटले. त्यापुढेही चालवली की भाडं वरचं. वीज वेगळी, ती त्या साडेतीन रुपयांत धरलेली नाही. आणि खरी गोम अटीत होती: महिन्याला १५०० किमी धरून किमान आकार, म्हणजे गाडी हलो न हलो, ५२५० रुपये द्यायचे. ज्याची गाडी महिन्याला ७०० किमी चालते त्याला ते भाडं किमीमागे साडेसात रुपये पडतं. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी शहरात १४ किमी देते असं धरलं तर पेट्रोलचा खर्चही साधारण तेवढाच येतो. मग इलेक्ट्रिक घेतली कशाला? त्यात गंमत अशी, की याच गाडीवर पहिल्या मालकाला बॅटरीची आजीवन हमी होती. जी वस्तू मरणार या भीतीने भाड्याने घ्यायची, तिची आयुष्यभराची हमी विकत घेणाऱ्याला गाडीबरोबरच मिळत होती.

अख्खी गाडी लीजवर घेणं ही वेगळी गोष्ट, आणि ती सरसकट वाईट नाही. जुन्या ईव्हीला आज भाव कमी मिळतो. नवी मॉडेलं भराभर येतात, किमती खाली येतात, आणि ‘आजीवन’ हमी बहुतेक पहिल्या मालकापुरतीच असते, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाला तिचा उपयोग नाही. हा धोका लीज कंपनीच्या गळ्यात घालायचा असेल आणि नोकरीत पगारातून, कर कापण्याआधी लीजचा हप्ता वळता करायची सोय असेल, तर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याचा हिशोब जमू शकतो. करारात तीन कलमं मात्र बोट ठेवून वाचावीत: वर्षाला किती किमीची मर्यादा, नोकरी सुटली तर मधेच मोडायचा दंड, आणि परत देताना ओरखड्यांचे पैसे कोण ठरवणार. आठ-दहा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्याने लीजच्या वाटेला जाऊ नये. असा माणूस पुनर्विक्रीच्या किमतीची फिकीर उगाच करतो.

विकत घेणाऱ्याचा हिशोब मेसेजमध्ये नाहीच, म्हणून तो इथे. समजा पेट्रोल गाडीपेक्षा ईव्हीला तीन लाख जास्त मोजले. घरी चार्ज केलं की चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून एका युनिटात सहा-सव्वासहा किमी जाते. महावितरणच्या घरगुती बिलात ३०० युनिटांच्या वर गेलं की सगळे आकार धरून युनिट पंधरा रुपयांच्या वर पडतं, ही गोष्ट विक्रेता सांगत नाही. १००० किमीला १६० युनिटं लागतात, म्हणजे गाडी आली की बरीच घरं वरच्या टप्प्यात ढकलली जातात. एवढं करूनही किमीला अडीच-पावणेतीन रुपयेच होतात, आणि ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलं तर त्याहून बरेच कमी. पेट्रोलच्या साडेसात रुपयांशी तुलना करून किमीला पाच रुपये वाचले असं धरू. तीन लाख भरून निघायला ६०,००० किमी लागतील. महिन्याला १५०० किमी चालवणाऱ्याचे ते सव्वातीन वर्षांत होतात, ५०० किमीवाल्याचे दहा वर्षांत. रविवारी मंडईत आणि सणाला गावी, एवढाच वापर असेल तर पेट्रोल गाडीच ठेवा. बॅटरी कितीही टिकली तरी त्या घराला ती परवडत नाही.

कोळशाबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशोबाने देशात एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ईव्हीचे किमीमागे ११० ग्रॅमच्या आसपास, तारांमधली गळती धरली तर १३० वगैरे. लिटरभर पेट्रोल जळून २.३ किलो निघतो, १४ च्या ॲव्हरेजने १६४ ग्रॅम, आणि तेलशुद्धीकरणाचा धूर वेगळा. ईव्हीची बॅटरी बनवतानाचं प्रदूषण हा फरक सुरुवातीला खाऊन टाकतं. तेव्हा ‘शून्य प्रदूषण’ हे नंबरप्लेटच्या हिरव्या रंगापुरतंच खरं, पण ‘काहीच फरक नाही’ हेही चूक. सौर आणि पवनऊर्जा वाढेल तशी आज घेतलेली ईव्ही दरवर्षी थोडी स्वच्छ होईल. आज घेतलेली पेट्रोल गाडी होणार नाही.

पुणे-मुंबई-पुणे म्हणजे ३०० किमी. छोट्या बॅटरीत ते एका दमात होत नाही, खरंय. पण मुंबईत पोचून कामं करेपर्यंत गाडी उभीच असते, तेव्हा चार्ज होते. घाटाची धास्तीही फुगवलेली आहे. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंतची साडेपाचशे मीटरची चढण माणसांसकट १७०० किलोच्या गाडीला फार तर तीन युनिटं जास्त मागते, आणि उतरताना त्यातली काही बॅटरीत परत येतात. रेंज खरी खाते ती एक्सप्रेसवेवरची शंभरापुढची गाडी हाकायची हौस. राज्याच्या २०२५ च्या धोरणात या रस्त्यावर ईव्हीला टोलमाफी आहे. फास्टॅगमधून पैसे कापले जात नाहीत ना, तेवढं बघत जा.

आगीचं म्हणाल तर मार्च २०२२ मध्ये पुण्यात स्कूटर पेटली, जूनमध्ये वसईत कार पेटली, दोन्ही व्हिडिओ अजून फिरतात. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, ते त्या मेसेजमध्ये कोणी जोडलं नाही.

राहिली सोसायटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ईव्ही चार्जिंगसाठी ग्राहक स्वतंत्र जोडणी मागू शकतो, आणि महानगरांत नवी जोडणी द्यायची मुदत सातवरून तीन दिवसांवर आली. कमिटीपुढे तोंडी वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, वायर कुठून जाणार त्याचा इलेक्ट्रिशियनने काढलेला नकाशा जोडा आणि खर्च आपला असं लिहून द्या. नकार मिळालाच तर तोही लेखी मागा.

ज्यांना स्वतःचं पार्किंगच नाही, गाडी रात्री रस्त्यावर लागते, त्यांच्यापुरता मात्र मेसेजचा निष्कर्ष बरोबर निघतो, कारण वेगळं असलं तरी. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला २० ते २५ रुपये पडतात, म्हणजे किमीमागे सव्वातीन ते चार. पुण्या-मुंबईत सीएनजीवरची छोटी गाडी जवळपास तेवढ्यातच चालते, आणि विकत घेतानाही बरीच स्वस्त पडते.