'जीवनाचा त्रिकोण' हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

कुठे जमीन हलली की व्हॉट्सॲपवर 'जीवनाचा त्रिकोण' फिरू लागतो. डग कॉप या बचावकर्त्याच्या नावाचा हा मजकूर सांगतो की भूकंपात टेबलाखाली लपणारे चिरडून मरतात. त्यापेक्षा सोफा, पलंग अशा मोठ्या वस्तूच्या शेजारी अंग मुडपून पडा, छत कोसळलं तरी तिथे त्रिकोणी पोकळी उरते. हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू.

'तुर्कस्तानात प्रयोगाने सिद्ध झालंय.' १९९६ च्या त्या प्रयोगात पुतळे आत ठेवून, खांब यंत्राने तोडून इमारत खाली बसवली. जमीन हललीच नव्हती. खऱ्या भूकंपात फरशी आडवी हिसके देते, सोफा आणि फ्रीज जागचे सरकतात. पोकळी कुठल्या बाजूला उरेल हे छत पडण्याआधी कोणाला कळणार? जोराच्या धक्क्यात चार पावलं टाकणंही कठीण असतं.

शिवाय हा मेसेज गृहीत धरतो की प्रत्येक इमारत पूर्ण झोपणारच. बहुतेक इमारती उभ्या राहतात आणि माणसं जखमी होतात ती कपाट, पंखा, काच, माळ्यावरचं सामान अंगावर येऊन. त्यापासून टेबल वाचवतं. खाली बसा, डोकं आणि मान झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा. टेबल सरकलं तर त्याच्यासोबत सरका.

'झोपेत असाल तर पलंगावरून खाली लोळा.' अंधारात फुटलेल्या काचांवर? पलंगावरच थांबा आणि उशी डोक्यावर घ्या.

'दाराच्या चौकटीत उभे राहू नका.' हे बरोबर आहे. आजच्या घरांत चौकट भिंतीपेक्षा मजबूत नसते.

'बाहेरच्या भिंतीजवळ जा.' सगळ्यात घातक वाक्य हे. भिंती बाहेर कोसळतात, कठडे आणि सज्जे खाली येतात. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी गुजरातच्या भूकंपात, कच्छमधल्या अंजारला प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. ती मुलं तर घराबाहेरच होती.

आता टेबलाची मर्यादाही सांगायला हवी, आणि त्यासाठी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भूकंपाकडे पाहावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. लातूर-उस्मानाबादच्या गावांत जवळपास आठ हजार माणसं गेली, असा सरकारी आकडा आहे. तिथल्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाडजूड. पण आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नाही, मध्ये मुरूम-मातीची भर. हिसका बसताच दोन्ही थर फुगून सुटले आणि वरचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, ओझं खाली आलं. अशा ढिगाऱ्यात टेबल तग धरत नाही आणि त्रिकोणी पोकळीही उरत नाही, कारण माती ती भरून टाकते. अशा घरात दार दोन पावलांवर आणि समोर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडणंच बरं.

तिथे जीव वाचवायचं काम भूकंपाआधीच करावं लागतं, आणि ते काम गवंड्यांना जमणारं आहे. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसवणं, दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपरे गजांनी बांधणं, माळवदावरची माती कमी करणं. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि बाकी गावांतल्या असंख्य घरांची दुरुस्ती-मजबुतीही झाली. मराठवाड्यात दगड-मातीची जुनी घरं आजही आहेत आणि २०२४ च्या मार्चमध्ये, जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आहेत.

शहरातल्यांनी आपल्या इमारतीचा तळमजला पाहावा. खाली फक्त खांब आणि पार्किंग, भिंती जवळजवळ नाहीतच, अशा रचनेच्या इमारती २००१ च्या त्याच भूकंपात अहमदाबादेत कोसळल्या. सोसायटीच्या बैठकीत रंगाच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणीचा विषय घ्या. आणि घरातलं उंच कपाट लोखंडी अँगलने भिंतीला जखडून टाका, विशेषतः मुलं त्याच्या शेजारी झोपत असतील तर.