उन्हाळे लागलेत म्हणून सहा महिने गेले

गेल्या चवथीत बाबांना लघवीतून रक्त गेलं. दुखलं नाही, जळजळ नाही, दोन दिवसांनी आपोआप थांबलं. गोव्यात, डिचोलीत आमच्याकडे अशा वेळी घरात एकच निदान होतं, उन्हाळे लागलेत, म्हणजे उष्णतेने लघवीचा त्रास झालाय, धण्याचं पाणी प्या, शहाळं प्या. आईने तेच केलं. मग फार्मसीतून गोळ्या, मग एका डॉक्टरकडून इन्फेक्शन म्हणून पाच दिवसांचा कोर्स, पण लघवीची तपासणी कोणी सांगितलीच नाही. मला इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनला कळवलं नाही, उगाच टेन्शन घेशील म्हणून. शिगम्यात परत रक्त आलं, ह्यावेळी गुठळ्यांनी लघवीच अडकली, तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली आणि मूत्राशयात गाठ दिसली.

मला त्या सहा महिन्यांबद्दल बोलायचंय. कारण आमच्या घरच्या ग्रुपवर वाद चालतो तो बांबोळीचं कॅन्सर हॉस्पिटल कधी उभं राहणार आणि तिथल्याच गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, बाहेरच्या राज्यातल्या पेशंटांकडून फी घ्यावी की नको ह्यावर. हॉस्पिटल हवंच, त्यात दुमत नाही, पण मूत्राशयाचा हा कॅन्सर बांबोळीला पोचायच्या कितीतरी आधी फार्मसीच्या काउंटरवरच हातातून निसटतो.

इथे माझ्यासोबत काम करणारा सासष्टीचा एक जण आहे, वय ५७. त्याला एकदाच लाल लघवी झाली, तो जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेला, इन्फेक्शन निघालं नाही, त्याच दिवशी कॅन्सरच्या संशयावरून तातडीची चिठ्ठी गेली आणि दोन आठवड्यांत दुर्बिणीने मूत्राशय आतून बघून झालं. डॉक्टर फार हुशार होता असं नाही, इंग्लंडमध्ये तसा नियमच आहे की वय ४५ किंवा जास्त, लघवीत डोळ्यांना दिसणारं रक्त आणि इन्फेक्शन नाही, तर पुढे पाठवायचंच. आता इथे स्वर्ग आहे असंही कोणी समजू नये. जीपीची अपॉइंटमेंट मिळवायला सकाळी आठला फोन धरून बसावं लागतं, आणि चिठ्ठीपासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत हे सरकारचं टार्गेट, ते खूप जणांच्या बाबतीत चुकतं. त्या माणसाला ऑपरेशनच्या तारखेसाठी ताटकळावं लागलंच. आपल्याकडे म्हापशाला संध्याकाळी सोनोग्राफी करून रात्री रिपोर्ट हातात घेता येतो! वेग आपल्याकडे आहे, फक्त कधी धावायचं हे कोणी सांगितलेलं नाही.

बाबांनी तीस वर्षं सिगरेट ओढली. सिगरेटने छाती जाते एवढंच आम्हाला माहीत. गोव्याने १९९७ सालीच धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा केला, पण त्या धुरातलं विष रक्तातून मूत्रपिंडात गाळलं जातं आणि लघवीतून मूत्राशयात तासनतास साठून राहतं, हे कधी कोणी सांगितलं नाही. ह्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या केसेसमागे तंबाखूच असते.

गाठ लघवीच्या मार्गातूनच दुर्बिणीने खरवडून काढली, पोटावर चीर नाही. त्या तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आलाय का हे बघणं फार महत्त्वाचं, कारण गाठ स्नायूत शिरलीय की नाही ह्यावरच पुढचं सगळं ठरतं. चारातल्या साधारण तिघांची ती स्नायूत शिरण्याआधीच सापडते. स्नायूत शिरली असेल तर बहुतेकदा केमो देऊन मूत्राशय काढतात आणि आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या पिशवीत सोडतात, काहींना केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय वाचवताही येतं. बाबांची शिरली नव्हती, पण हाय ग्रेड, म्हणजे जोरात वाढणारी होती. म्हणून बीसीजी. हो, तीच लहानपणी दंडावर टोचलेली टीबीची लस, कॅनडात डॉ. अल्वारो मोरालेस यांनी ती मूत्राशयात सोडून बघितली, १९७६ साली त्याचे निष्कर्ष छापले आणि आजही हाय ग्रेडला तीच देतात. नळीतून आत सोडायची, दोन तास लघवी धरून ठेवायची, आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे. बाबांना थंडी वाजून ताप यायचा, आई रात्रभर जागायची आणि मी इथून फोनवर. पुढेही डोस आहेत, आणि हा कॅन्सर परतून येतो म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या दीनदयाळ कार्डावर तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख, हा आधार इथे राहूनही मला मोठा वाटतो, पण कार्ड बाहेर काढायची वेळ आली पाहिजे ना, उन्हाळ्यावर औषध घेत बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग.

इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये लघवीत एकदाच रक्त दिसलं तरी डॉक्टरला सांगा अशी देशभर जाहिरात केली होती. तसा एक कागद मराठीत आणि कोंकणीत प्रत्येक फार्मसीत, आरोग्य केंद्रात आणि कदंबाच्या बस स्टँडवर लावायला नवीन बिल्डिंग लागत नाही. बायकांसाठी तर लावाच. हा आजार पुरुषांना जास्त होतो म्हणून बाईच्या लघवीत रक्त दिसलं की इन्फेक्शनचेच कोर्स पुन्हा पुन्हा देतात, नाहीतर पाळीचं असेल म्हणून सोडून देतात, आणि साठीच्या बाईला पाळी कुठली? हे सगळं झाल्यावर आईला मी पहिल्यांदा विचारलं, तुला कधी असं झालंय का. ती म्हणाली नाही गो, झालं असतं तरी सांगितलं नसतं.