बेंच आलं, मस्टरचं काय?

कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं ते १८ ऑगस्ट २०२५ ला. त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकं झगडा केला, तेव्हा पेढे वाटले ते रास्तच. पण तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटलाय. वकिली करणारा भाचा म्हणतो, धूळ आणि रसायनांनी माणसं आजारी पडतात, तर अमेरिकेसारखे कोटींचे दावे आता इथंही लागले पाहिजेत. कोल्हापूरजवळ शिरोलीत फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना असलेला मामेभाऊ म्हणतो, "मग भट्टीची किल्ली घे अन् तूच चालव." मी ह्यूस्टनला राहतो, म्हणून दोघंही मलाच साक्षीदार करतात.

माझ्या मते दोघांनीही अमेरिकेची अर्धीच गोष्ट ऐकलीय.

ह्यूस्टनला हायवेवर वकिलांचे बोर्ड असे लागलेले असतात, जसे आपल्याकडं चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स. केस जिंकली तरच फी, आणि ती बहुधा मिळालेल्या रकमेच्या एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त. खिशात दमडी नसलेला कामगारही त्यामुळं बड्या कंपनीला कोर्टात खेचू शकतो. भारतात निकालावर ठरणारी फी बार कौन्सिलच्या नियमांना चालत नाही. भाचा हे सोयीस्कर विसरतो.

मामेभावाची भीतीही जरा भलतीकडंच आहे. कामगार भरपाईचा विमा उतरवलेल्या मालकावर इथं कामगाराला सहसा दावा लावता येत नाही. म्हणून वकील उत्पादकाला गाठतो: वाळू विकणारा, मास्क बनवणारा, अ‍ॅस्बेस्टॉसचं (उष्णता अडवणारा, पण फुफ्फुसाला घातक तंतू) सामान पुरवणारा. टेक्सासमध्येच क्लॅरेन्स बोरेल नावाचा माणूस आयुष्यभर अ‍ॅस्बेस्टॉसचं इन्शुलेशन बसवत राहिला. धोक्याची सूचना न देणारे उत्पादक जबाबदार आहेत, असा निकाल त्याच्या केसमध्ये अपील कोर्टानं १९७३ मध्ये दिला. तोवर बोरेल गेलेला होता.

या वकिलांचं कसब भाषणात कमी, कागद काढण्यात जास्त. दावा उभा राहिला की कंपनीला आपल्या जुन्या फायली समोरच्या वकिलापुढं उघड्या कराव्या लागतात. अ‍ॅस्बेस्टॉसच्या धंद्यातल्या एका कंपनीच्या अध्यक्षानं १९३५ मध्ये लिहिलं होतं, या विषयावर जितकं कमी बोलू तितकं आपल्याला बरं. ते पत्र वकिलांच्या हाती लागलं १९७७ मध्ये. बेचाळीस वर्षं ते कपाटात होतं! धोका ठाऊक होता हे सांगायला मग साक्षीदार कशाला हवा?

याच टेक्सासात उलटंही घडलंय. कॉर्पस क्रिस्टीच्या फेडरल कोर्टात सिलिकोसिसचे, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं फुफ्फुसाला होणाऱ्या आजाराचे, जवळपास १०,००० दावेदार आले. न्यायाधीश जॅनिस जॅक यांनी डॉक्टरांनाच समोर बसवून विचारलं, तेव्हा कळलं की निदानं घाऊक पाडली होती. निम्म्याहून जास्त जणांनी आधी अ‍ॅस्बेस्टॉसचाही दावा लावला होता. २००५ च्या निकालात त्यांनी सगळ्यांची सालपटं काढली. खऱ्या आजाऱ्याचं नाव त्या गर्दीत वाया गेलं, याचा मला जास्त राग येतो.

आता कोल्हापूर. सिलिकोसिस हा कामामुळं होणारा आजार आहे, हे १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलंच होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. त्याचा अर्ज थेट बेंचकडं नव्हे, आधी भरपाई ठरवणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडं जातो. अपिलासाठी मात्र आता मुंबई गाठायला नको, हा फायदा मोठाच. पण सिद्ध काय करणार? फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला ग्राइंडर धरणारा माणूस ठेकेदाराचा, यंदा शिरोलीत, पुढच्या वर्षी गोकुळ शिरगावला. तोंडाला रुमाल बांधलेला, भुवया वाळूनं पांढऱ्या झालेल्या. खोकला लागला की बऱ्याचदा टीबीच्या गोळ्या सुरू होतात, कारण एक्स-रेत दोन्ही सारखेच दिसू शकतात आणि तू काम काय करतोस, हे कुणी विचारत नाही. कुठली धूळ, कुणाकडं, किती वर्षं? उत्तर देणारा कागदच नाही. अमेरिकेत वकील कंपनीचं कपाट उघडतो. कोल्हापुरात कपाटात काही ठेवलेलंच नसतं.

म्हणून भाच्याला म्हटलं, कोटींचं राहू दे, आधी हजेरीचं मस्टर माग. आणि मामेभावाला म्हटलं, दरवर्षी छातीचा एक्स-रे काढ, धुळीची मोजणी कर आणि दोन्हीची प्रत कामगाराच्या हातात दे. उद्या तुझा बचावही त्याच कागदावर होईल. एक्स-रेला तो हो म्हणाला. ठेकेदाराच्या माणसांची नावं स्वतःच्या रजिस्टरला घ्यायला मात्र तयार नाही. ग्रुपवर सध्या भांडण त्यावरच चाललंय.