भराव टाकून स्वतःचा प्लॉट उचलता आणि पाणी आमच्या घरात सोडता!

काल रात्री सव्वा तास पाऊस पडला. सव्वा तास! बँकॉकच्या सप्टेंबरात एवढा पाऊस कोणी मोजतही नाही. आणि साडेनऊला आमच्या हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी. दाराला वाळूच्या गोण्या लावल्या होत्या, तिथून थेंब आला नाही. आलं ते मोरीच्या जाळीतून, बुडबुडत, काळंकुट्ट, झुरळांसकट. ओट्याखालच्या सगळ्यात खालच्या खणात आईने मे महिन्यात दिलेला दीड किलो गोडा मसाला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दगडफूल निवडून, खोबरं किसून, मंद आचेवर एकेक जिन्नस भाजून केलेला. सकाळी खण उघडला तर पिशवीत तपकिरी चिखल, आणि त्याला गटाराचा वास. तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा वर्षं बांग ना भागातल्या या सोईत, म्हणजे गल्लीत, राहतोय. गल्लीत पाणी तुंबायचं, पण घरात कधी शिरलं नव्हतं, कारण मागे तळं होतं. कमळं, पाण्यावर पसरलेली पाक बुंगची भाजी, काठावर ऊन खात पडलेल्या घोरपडी. गल्लीचं सगळं पाणी ते तळं पोटात घ्यायचं. जानेवारीत बिल्डरचे मातीचे ट्रक आले ते मार्चपर्यंत थांबले नाहीत. तळं बुजवलं, वर दीड मीटर भराव, कडेने सिमेंटची भिंत. आता त्यांचं आवार आमच्या खिडकीला लागलंय. फलकावर अक्षरं केवढी मोठी : 'इथे पूर येत नाही'. कसा येईल? तुमच्या वाटचा पूर आमच्या मोरीतून वर येतोय! आणि जितंजागतं तळं गाडून आता गेटसमोर काँक्रीटचं तळं बांधतायत, कारंजं लावून. लाज कशी वाटत नाही?

आणि हे एकट्याचं नाही. एकाने प्लॉट उचलला की शेजारचा उचलतो, मग रस्ता उचलतात, आणि जुनी घरं खड्ड्यात. आमची घरमालकीण, पा म्हणतो आम्ही तिला, थाईत मावशी, सांगते की ती लग्न होऊन आली तेव्हा तीन पायऱ्या चढून घरात यायची. आज रस्त्यावरून एक पायरी उतरून यावं लागतं. घर तेच, उंबरठा तोच.

अरे, हे शहर समुद्रापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच, तेही मऊ चिकणमातीवर. वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी उपसून आणखी खचवलेलं. पाणी वाहून न्यायला ख्लोंग होते, ते बुजवून रस्ते केले. सिलोम, साथोर्न, सगळीकडे कालवेच होते. पूर्वेला पाणी पसरायला दलदल होती, नोंग न्गू हाओ, म्हणजे नागांचं तळं. तिथे २००६ साली सुवर्णभूमी विमानतळ सुरू झाला. २०११च्या पुरात देशभरात आठशेच्या वर माणसं गेली, इथल्या डॉन मुआंग विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी होतं. काय शिकलात? भराव आणखी उंच टाकायचा, एवढंच?

तिकडे शहराच्या मध्यात कोट्यवधींचे प्लॉट रिकामे आहेत, तिथे केळी लावल्यात! २०२०पासून नवा जमीन-कर लागू झाला. मोकळ्या जागेला जास्त, शेतीला अगदी नाममात्र. एका राईत (जमिनीचं इथलं माप, साधारण सोळा गुंठे) दोनशे केळी किंवा पन्नास लिंबं लावली की झाली शेती. रामा नाईन रस्त्याला काचेच्या टॉवरांमध्ये त्या केळी बघितल्या की डोकं फिरतं. जिथे खरोखर भात पिकत होता, मासे होते, ते बांग ना, बांग फ्ली सगळं घरं आणि गोदामांखाली, आणि शेती कुठे, तर कर चुकवायला ऑफिसांच्या गर्दीत.

२६ जुलै २००५ला मी कुर्ल्यात होतो. छातीएवढ्या पाण्यातून घर गाठलंय. मिठीचं काय करून ठेवलं होतं तेही डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे 'पाऊसच फार पडला' हे मला कोणी सांगू नये. कालचा पाऊस नेहमीएवढाच होता. त्याची जागा तुम्ही विकलीत.

मसाल्याची ती पिशवी मी अजून टाकलेली नाही. शनिवारी त्यांच्या विक्री कार्यालयात, त्या चकचकीत काचेच्या टेबलावर, आहे तशी उघडून ठेवणार आहे. पा पण येते म्हणाली.