महागडी एअरसॉफ्ट रायफल ‘कधीच बिघडत नाही’? एक खुलासा

‘महागडी एअरसॉफ्ट रायफल एकदाच घ्या, ती कधी बिघडत नाही आणि नेमही नेहमी अचूक लागतो’ असा मेसेज फिरतो आहे. एअरसॉफ्ट रायफल म्हणजे प्लास्टिकचे छोटे छरे मारणारी, खेळासाठीची नकली बंदूक. त्यात माझ्या जुन्या पोस्टमधलं वाक्य जोडलंय. मी फक्त बाहेरच्या बांधणीबद्दल लिहिलं होतं, पण ते स्पष्ट केलं नाही, ही माझीच चूक.

किंमत वाढते ती बऱ्याचदा धातूच्या बॉडीमुळे आणि खऱ्या बंदुकीचं नाव-चिन्ह वापरण्याच्या परवान्यामुळे. नेमाशी त्याचा फारसा संबंध नाही. छरा साधारण 5.95 मिमीचा, आतली नळी 6.03 ते 6.08 मिमीची, म्हणजे छरा नळीत किंचित सैल असतो; तो सरळ जाणं अवलंबून असतं हॉप-अपच्या (छऱ्याला उलटी फिरकी देणाऱ्या भागाच्या) रबरावर, नळीच्या स्वच्छतेवर आणि छऱ्यांच्या दर्जावर. खराब छरे भरले तर भारी रायफलही भरकटते. रबर झिजतं, ते बदलावंच लागतं.

बिघाडाचंही तसंच. इलेक्ट्रिक रायफलीत मोटर, गिअर, पिस्टन आणि स्प्रिंग असतात, आणि प्रत्येक गोळीला ते सगळे ताण सोसतात. माझी महागडी रायफल मी स्वतः उघडली तेव्हा पिस्टनचे दात तुटलेले होते. शिवाय मॉसफेट (ट्रिगरऐवजी विजेचा भार घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसलेल्या रायफलीला 11.1 व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी लावली, तर ट्रिगरचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी जळत जातात. गॅसवर चालणारी रायफल थंडीत दाब गमावते, मग ती कितीचीही असो.

चांगल्या महाग रायफलीत भाग नीट बसवलेले असतात, हे खरं आहे, आणि त्यासाठी पैसे मोजणं मला आजही पटतं. पण देखभाल चुकत नाही. नवख्यांचे पैसे यात अडकतात, म्हणून तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासाही टाका.