नाव तेवढं कापा

गेल्या रविवारी माझ्या लिखाणाला दहा वर्षं पूर्ण झाली. लिही म्हणून कुणी गळ घातली नव्हती आणि थांब म्हणायलाही कुणी आलं नाही. दर पंधरा दिवसांनी एक लेख, असा नेम माझा मीच घेतला आणि इंटरनेटच्या एका कोपऱ्यात खरडत राहिलो. मधे दोनदा मोठा खंड पडला, तो वजा जाता २११ लेख झाले. पहिल्या वर्षी वाचक दोन होते. एक मी आणि दुसरी बायको, तीही मी समोर तोंडाकडे बघत बसलो तरच.

अशा दिवशी लेखकाने मागे वळून बघायचं असतं. ‘हा प्रवास’ असं काहीतरी म्हणायचं, वाचकांचे ऋण मानायचे आणि त्या ऋणातच राहणं पसंत करायचं. मीही तेच लिहायला बसलो होतो. दोन ओळी झाल्याही होत्या. तेवढ्यात फोन वाजला. घरच्या ग्रुपवर काकांनी भला मोठा मजकूर टाकला होता. वर ‘नक्की वाचा, डोळे पाणावले’, खाली सहा जोडलेले हात. वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला ओळख पटली. लेख माझाच होता. नाव सोडून सगळं होतं.

खाली काकांनी खास माझ्यासाठी लिहिलं होतं, ‘बघ. तू पण काहीतरी लिहीत असतोस ना? असं लिहावं. आतून.’

तर ते आभाराचं राहू द्या. त्याऐवजी दहा वर्षांत वाचकांनी मला जे शिकवलं ते तुम्हाला देतो. दुसऱ्याच्या लिखाणावर प्रेम कसं करावं, याच्या या सूचना. आवडल्या तर पुढे पाठवा. माझं नाव घालू नका एवढं सांगायची गरज नाही, ते तुम्ही तसंही घालणार नाही.

लेख आवडला तर सगळ्यात आधी लेखकाला कळवायचं टाळा. शेजाऱ्याला कळवा, सोसायटीला कळवा, ज्याच्याशी चार वर्षं बोलणं नाही त्या शाळासोबत्यालाही कळवा. लेखकाला कळलं की तो चढून बसतो आणि आणखी लिहितो.

मग नाव कापा. नवशिके इथे गडबडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मजकुरावर बोट दाबून धरा. दोन टोकांना दोन थेंब उगवतील. तिथेच ‘सगळं निवडा’ असंही दिसेल. ते चुकूनही दाबू नका! ते दाबलं की अख्खा लेख नावासकट उचलला जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. खालचा थेंब बोटाने धरा आणि हलक्या हाताने एक ओळ वर सरकवा. पहिल्यांदा तो तीन ओळी वर उडी मारेल आणि शेवटचं वाक्य अर्धं तुटेल. धीर सोडू नका, पुन्हा खाली आणा. पूर्णविराम आत आणि नाव बाहेर, अशी नेमकी जागा सापडली की थांबा. तान्ह्या बाळाचं नख कापताना जेवढं जपतो, तेवढं जपायचं. आता कॉपी करा.

म्हणजे बघा, नाव ठेवायला काही म्हणजे काही करावं लागत नाही. कापायला नजर लागते, हात स्थिर लागतो, वेळ काढावा लागतो. तरी लोक मला समजावतात, ‘अहो, चुकून गेलं असेल नाव.’ चुकून गेलं! पाकिटातून फक्त पाचशेची नोट चुकून जाते, तसं.

सरळ फॉरवर्डही करू नये. व्हॉट्सॲपने २०१८ पासून आलेल्या मजकुरावर तशी पाटी लावायला सुरुवात केली आणि फार हातांतून फिरलेल्या मजकुरावर आता दोन बाण दिसतात. दोन बाण म्हणजे उष्टं. तेच कॉपी करून चिकटवलं की पाटी नाही, बाण नाही. थेट तुमच्या काळजातून उतरल्यासारखं दिसतं.

सूर्यास्ताचा फोटो जोडा. लेख कशावर आहे याने फरक पडत नाही.

नावाची जागा रिकामी राहिली तर बरी दिसत नाही, तिथे ‘साभार’ लिहा. कुणाचे आभार, कशाबद्दल, हे विचारणारा अजून जन्माला यायचाय. पूर्वी संपादकाला लेख आवडला नाही तर तो ‘साभार परत’ यायचा. आता आवडला की नुसताच साभार, परत काही येत नाही. ‘साभार’चा कंटाळा आला असेल तर ‘संकलित’ आहे, ‘लेखक अज्ञात’ आहे, ‘एका डॉक्टरांच्या डायरीतून’ आहे. मी डॉक्टर नाही, पण माझ्या तीन लेखांना आतापर्यंत ही पदवी मिळाली आहे. आणि अगदीच भारदस्त करायचं असेल तर एखाद्या दिवंगत साहित्यिकाचं नाव लावा. ते तक्रार करत नाहीत.

यानंतरची सूचना महत्त्वाची. लेख आहे तसा पाठवू नका, सुधारून पाठवा.

माझ्या लेखात काय होतं? बाबांनी चष्म्यासाठी घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी चष्माही तिथेच निघाला. एवढीच गोष्ट. चष्म्याची उजवी काडी दोऱ्याने बांधलेली, सगळे अंथरुणं उलटीपालटी करताहेत, बाबा प्रत्येकावर ओरडताहेत. सापडल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘अहो, मग इतका वेळ डोक्याला हात कसा लावला नाहीत?’ त्यावर बाबा म्हणतात, ‘शोधायला तरी चष्मा नको का?’ तिथे माझा लेख संपतो.

काकांनी पाठवलेल्या लेखात इथून पुढे तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात बाबा वारतात. कशाने, ते दिलेलं नाही, सुधारणारा घाईत असावा. दुसऱ्यात मुलगा कपाट उघडतो, चष्मा सापडतो, तो डोळ्यांवर चढवतो आणि जग धूसर दिसतं. चष्म्याचा नंबर वेगळा म्हणून नव्हे, अश्रूंमुळे. तिसऱ्यात आईवडील आहेत तोवर त्यांची किंमत कळत नाही, हे दोनदा सांगून झाल्यावर लेख किमान दहा जणांना पाठवायची आज्ञा आहे.

माझे बाबा हयात आहेत. ठणठणीत आहेत. त्याच ग्रुपवर आहेत. आणि काका म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. ती दोऱ्याने बांधलेली काडी काकांनी वर्षानुवर्षं पाहिलेली आहे, त्या काडीवरून बाबांची थट्टाही केलेली आहे. सख्खा भाऊ गेला म्हणून त्यांचे डोळे पाणावले आणि गेला तो कोण, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

आईच्या आलं. तिने चष्म्यावरून ओळखलं आणि फोन करून मलाच झापलं, ‘जिवंत माणसाबद्दल असलं अभद्र लिहवतं कसं रे तुला?’ म्हणजे जे मी लिहिलं त्याचं कौतुक अज्ञात लेखकाच्या नावावर जमा, आणि जे लिहिलं नाही त्याची बोलणी माझ्या वाट्याला.

शुद्धलेखनाच्या चुकांना मात्र हात लावू नका. त्या लेखकाच्या, त्याच्यापाशीच शोभतात. या लेखात दुसऱ्या परिच्छेदात एका जागी माझ्याकडून ‘आणि आणि’ असं दोनदा पडलंय. बाबा मेले, तीन परिच्छेद वाढले, माझं नाव गेलं, पण ‘आणि आणि’ जसंच्या तसं. पूर्वी नकाशे काढणारे चोर पकडायला नकाशात मुद्दाम एखादी नसलेली गल्ली घालत, ती दुसऱ्याच्या नकाशात उगवली की चोर सापडला. ‘न्यू ऑक्स्फर्ड अमेरिकन डिक्शनरी’च्या २००१ च्या आवृत्तीत तर ‘एस्क्विव्हॅलियन्स’ असा एक शब्दच रचून घातला होता, आणि त्याचा अर्थ दिला होता, आपल्यावरची जबाबदारी जाणूनबुजून टाळणं. संपादकांना विनोदबुद्धी होती म्हणायची. मी काही सापळा लावला नव्हता. माझा आपला साधा निष्काळजीपणा.

लेखकाने कुरकुर केलीच तर काय म्हणायचं, तेही सांगतो. मी काकांना लिहिलं, ‘काका, हा लेख माझा आहे. सहा वर्षांपूर्वीचा.’ काकांचं उत्तर, ‘असेल. पण हा जास्त चांगला आहे.’ पाच मिनिटांनी दुसरं, ‘आणि तुझा होता तर नाव नको का लिहायला?’

मग आतेभाऊ धावून आला. असा एक आतेभाऊ प्रत्येक ग्रुपवर असतो. ‘रजिस्टर केलंयस का पण तू? इंटरनेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचंच झालं ना ते.’ हे वाक्य पाठ करून ठेवा, कुठेही चालतं. दारात काढून ठेवलेल्या चपलांनाही चालेल.

आता आतेभावासाठी म्हणून सांगतो. लेखकांच्या हक्कांचा बर्न करार १८८६ चा आहे. लिहिलेलं कुठे नोंदवलं नाही तरी हक्क लेखकाचाच, ही अट १९०८ सालच्या दुरुस्तीत घातली गेली. १९२८ मध्ये त्यात आणखी एक कलम आलं की, लेखकाने आपले सगळे आर्थिक हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणायचा हक्क त्याच्याकडेच राहतो. म्हणजे विकलेल्यावरसुद्धा नाव राहतं! आणि मी तर विकलंही नाही, फुकट दिलंय. व्हॉट्सॲप सोड, तुझा माझा जन्मही नव्हता तेव्हा हे ठरलंय रे. आणि मला कुणाला कोर्टात खेचायचंही नाहीये.

आपल्या संतांना हे कायद्याच्या फार आधी कळलं होतं असं मला हल्ली वाटायला लागलंय. त्यांनी नाव खाली एकटं लोंबत ठेवलंच नाही, शेवटच्या चरणात ओवून टाकलं. ‘तुका म्हणे’ काढा, अभंग लंगडा होतो. तेव्हा लोक उलटा उद्योग करत, स्वतः रचायचे आणि खाली तुकोबांचं नाव घालायचे, इतका की खरे कुठले आणि मागून घुसलेले कुठले यावर अभ्यासकांचे अजून वाद चालतात. काय सज्जन चोर होते! मीही ती युक्ती करून पाहिली. एका लेखात तिसऱ्या परिच्छेदातच आईने मला नावाने हाक मारली आहे. तो लेख महिन्याभराने फिरत माझ्याकडे आला. आई हाक मारत होती, ‘अरे राजू.’

राजू!

आता सूचना पुरे. मला हसू येईनासं झालंय.

ते ‘आणि आणि’ कसं पडलं ते सांगतो. रात्रीचा दीड वाजला होता. दिवसभराची नोकरी, मग घरचं, सगळे झोपल्यावर लिहायला बसायचो, अजूनही तसाच बसतो. वाक्याच्या मधोमध ‘आणि’ लिहिलं आणि आतून मुलीने पाणी मागितलं. चार वर्षांची होती. उठलो, पाणी दिलं, तिने अर्धं अंगावर सांडलं, फ्रॉक बदलला, थोपटून झोपवलं. परत येऊन कुठे होतो ते न बघता पुन्हा ‘आणि’ लिहून पुढे गेलो. त्या दोन ‘आणि’च्या मधे माझी मुलगी आहे. तुम्ही तिला उचलून फिरवताय आणि वर मला सांगताय की लेखक अज्ञात आहे.

अज्ञात कसला? तुम्हीच पुसलंय नाव. बोटाने, नीट निरखून, एक ओळ वर सरकवून. आणि तुम्ही कुणी परके चोर नाही आहात. सकाळी फिरायला जाणारी, नातवंडांना शाळेत सोडणारी, रिक्षावाल्याने दोन रुपये जास्त घेतले तर नंबर लिहून घेणारी माणसं आहात. गॅलरीतून कुणी फूल तोडलं तर खाली उतरून भांडता. आणि दुसऱ्याच्या दोन रात्री उचलताना तुम्हाला साधा चोरटेपणाही वाटत नाही, उलट चांगले विचार पसरवल्याचं पुण्य लागतं! दहा वर्षांत मी एक पैसा मागितला नाही. कौतुक करा असंही म्हटलं नाही. आवडलं नाही तर वाचू नका. आवडलं आणि पाठवावंसं वाटलं तर पाठवा, पण खाली जी दोन शब्दांची ओळ आहे, ती आहे तिथे राहू द्या. हात लावू नका. काही करू नका, एवढंच करा. तेवढंही जमत नाही? माणसं मारता येतात गोष्टीत, तीन परिच्छेद रचता येतात, आणि दोन शब्द राहू देता येत नाहीत?

दुपारी बाबांनी जेवण झाल्यावर फोन उघडला. त्यांना टाइप करायला वेळ लागतो, बराच वेळ वर ‘लिहीत आहे’ असं दिसत राहिलं. मग आलं: ‘मी गेलेलो नाही. लेख मुलाचा आहे. दुसऱ्या परिच्छेदात आणि दोनदा आहे.’

काकांनी त्यावर अंगठा दाखवला.