सरावतो तो प्राणी नव्हे, जंतू

कुत्र्या-मांजरांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. खाज, जुलाब, लघवीचा त्रास, काहीही असो, घरात उरलेली अँटिबायोटिक वजनाच्या हिशोबाने द्या, तीही निदान पंधरा दिवस. गुण आला नाही तर शरीर औषधाला सरावलंय, जास्त पॉवरची द्या. माणसांना यातून धोका नाही.

खरी गफलत त्या ‘सरावलंय’मध्ये आहे. शरीर सरावत नाही, जंतू सरावतात. गोळीने लेचेपेचे जंतू मरतात आणि तगलेल्यांना रान मोकळं मिळतं. कुत्र्याच्या कातडीवर स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जंतू एरवी निमूट राहतो. पण त्याच्याकडे मेक-ए हे जनुक आलं की तो असं एक प्रथिन बनवतो, ज्याला पेनिसिलिन आणि सेफॅलेक्सिनच्या कुळातली जवळजवळ सगळी औषधं नीट चिकटतच नाहीत. मग डोस दुप्पट करा नाहीतर चौपट, उपयोग शून्य. मांजराच्या बाबतीत तर ही ‘जास्त पॉवर’ भलतीच महागात पडू शकते: एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक प्रमाणाबाहेर गेलं तर डोळ्याचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं.

गुण येत नसेल तर नमुना घेऊन कल्चर-सेन्सिटिव्हिटी करायची, म्हणजे लॅबमध्ये त्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर औषधं तपासायची. कोणतं औषध लागू पडेल ते त्यात कळतं. कातडीचा संसर्ग वरवरचा असेल तर क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू दहा मिनिटं अंगावर ठेवून धुतला की अनेकदा गोळीची वेळच येत नाही. अर्थात मुळाशी पिसवा किंवा अॅलर्जी असेल आणि तिकडे कुणी पाहिलंच नाही, तर खाज परत येणारच.

जुलाब बहुतेकदा आपोआप थांबतात. तरुण मांजर लघवीला कुंथतं तेव्हा बहुधा जंतू नसतातच. (बोका कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मेसेज वाचत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.)

माणसांना धोका नाही, हे अर्धंच खरं. धडधाकट माणसाला त्रास क्वचित होतो, पण असे सरावलेले जंतू हातांवरून, चाटण्यातून दोन्हीकडे जातात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाची जखम चाटू देऊ नये, आणि प्राण्याची जखम हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

राहिले ते पंधरा दिवस. कुत्र्याला अधूनमधून होणाऱ्या मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी 2019च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तीन ते पाच दिवसच सांगतात.